भगवानरावांची बिनधुराची जीप

भगवानरावांनी नवी जीप घेतली आणि नांदूरघाट गावात पायी जाणारी माणसंही त्यांच्या पुढं निघून जाऊ लागली. गाडी सगळ्यांना नीट दिसावी म्हणून ते ती बैलगाडीच्या चालीनं हाकत. पारापाशी थांबून सायलेन्सरमध्ये पांढरा रुमाल फिरवत आणि तसाच पांढरा बाहेर काढून दाखवत.

"धूर न्हाई, काय न्हाई! आतली जाळी समदी काजळी धरून ठिवती," ते छाती फुगवून सांगत. गाडी जोरात पळाली की ती काजळी तापून जळते, हे शोरूमवाल्यानं सांगितलेलं मात्र ते सोयीनं विसरले होते.

पुतण्या युवराजचं लग्न आष्टीकडच्या अर्जुनरावांच्या रोहिणीशी ठरलं. नवरदेवाच्या मिरवणुकीला, परण्याला, हीच जीप! लग्न मुलीच्या गावी होतं; त्या दिवशी अर्जुनराव सायलेन्सरकडं बघून म्हणाले, "धूर न्हाई ती कसली गाडी? हिच्यात ताकद हाय का न्हाई?"

भगवानरावांना ते लई लागलं.

मारुतीच्या देवळापासून परण्या निघाला. पुढं बँड, नाचणारी पोरं आणि मागं मुंगीच्या पावलांनी जीप. मांडव दिसू लागला आणि स्टेअरिंगपुढच्या काट्यांपाशी पिवळा दिवा लागला. गाडी कुंथू लागली. भगवानरावांनी शोरूमला फोन लावला.

"जाळी चोंदली साहेब. मोकळ्या रस्त्यावर साठनं पळवा. दिवा विझेपर्यंत थांबू नका, नाहीतर गाडी जागेवर बसेल."

व्याह्यांच्या दारात जीप बंद पडणार! भगवानरावांनी गाडी वळवली आणि थेट हायवे गाठला.

"काका, मांडव मागं ऱ्हायला!" बाशिंग सावरत युवराज ओरडला.

"गप बस रं! आधी काजळी जळू दे."

इकडं मांडवात बोंब उठली, "नवरदेव पळाला!" रोहिणी रडू लागली. अर्जुनराव कपाळाला हात लावून खाली बसले. लोकांच्या हातातल्या अक्षता हातातच राहिल्या.

दिवा विझवून जीप परतली, तेव्हा भगवानराव लढाई जिंकल्यासारखे उतरले. बोटं भाजली तरी त्यांनी रुमाल सायलेन्सरमध्ये फिरवला आणि पांढराशुभ्र व्याह्यांपुढं धरला.

"गेलता कुठं तुमी?" अर्जुनराव कडाडले.

"ताकद दाखवायला."

लग्न लागलं. पाठवणीच्या वेळी अर्जुनरावांनी हात पुढं केला. "चावी द्या. शिवेपतोर मीच हाकणार. तुमचा भरवसा न्हाई."

भगवानराव चावी देऊन मागं बसले. जीप गल्लीत शिरली आणि अर्जुनरावांचा पाय हळूहळू सैल झाला. आपल्या गावच्या पारापाशी तर त्यांनी गाडी थांबवलीच.

"तो रुमाल द्या बरं जरा," ते म्हणाले.

"अवो व्याही, पळवा की! दिवा लागंल!"

"लागू द्या," अर्जुनराव मिशीवर ताव देत उतरले, "माझं गाव बघायलंय."