तानाबाईची तक्रार

थोरल्या बाळासोने पुण्याहून फोनवर सांगून टाकलं, की आई-अप्पांसाठी आजाऱ्यांचं करणाऱ्या ब्युरोचा माणूस ठेवा, पगार मी भरतो.

अप्पांची, म्हणजे महिपतीची, उजवी बाजू लकव्याने गेली होती आणि तानाबाईच्या दोन्ही डोळ्यांनी रजा घेतली होती. भवानी पेठेतल्या दोन खोल्यांत दोघांचं सगळं धाकटा बिरुदेवच करत होता. त्यापायी त्याने यंत्रमागावरची नोकरी सोडली होती, आणि आता पिठाचा डबा हात लावला तरी घुमायला लागला होता.

"दादा, त्या मानसाला देनार ते मलाच दे की. न्हायतर मला मागावर परत जावं लागतंय."

"येडा हायस का? आईबापाचं करायला सख्ख्या भावाला पगार देऊ व्हय? लोक तोंडात शेण घालतील."

मग बिरुदेव स्वतःच ब्युरोत गेला, नाव घातलं आणि भवानी पेठेतलंच काम मागून आला. ब्युरोच्या महेश्वरी मॅडमचा नियम लोखंडी होता. घरचा माणूस कामाला घ्यायचा नाही, तो पगार घेतो आणि झोपा काढतो. पण बिरुदेवच्या आधार कार्डावर अजून गावाकडचा, जेऊरचाच पत्ता होता, आणि आडनाव असं, की भर बाजारात हाक मारली तर वीस जण वळून बघतील. बाळासोने तर पैसे भरले, पण माणसाचं नावसुद्धा विचारलं नाही.

सोमवारी सकाळी आठला निळा शर्ट घालून, मॅडमला बरोबर घेऊन, बिरुदेवने आपल्याच घराची कडी वाजवली.

"नमस्कार काका. ब्युरोकडनं आलोय."

अप्पांनी त्याला खालून वर न्याहाळलं. "आंगुळ घालता येती का?"

"आवाज बरा हाय," तानाबाई म्हणाली. "आमच्या धाकट्यासारखा."

महिना सुखात गेला. मग माणूस कसा आहे विचारायला मॅडमचा फोन आला. अप्पांनी चाळीस वर्षं कारखान्यात मुकादमकी केली, पण कुणाला बरा म्हणून म्हटलं नव्हतं. ते सगळं साठलेलं त्या दिवशी एकदम बाहेर पडलं.

"मी कूस वळायच्या आदी त्याला कळतं. असला मानूस, मॅडम, लेक म्हून जन्माला यावा."

दुसऱ्या दिवशी हुकूम आला. उद्यापासून बिरुदेवने होटगी रोडला सोमशेखर शेठच्या बंगल्यावर जायचं, दोन हजार जास्त मिळतील. "हिरा आम्ही दोन खोल्यांत ठेवत नसतो," मॅडम म्हणाल्या. नाही म्हणावं तर कारण सांगावं लागतं, आणि कारण सांगावं तर पगार जातो. बिरुदेव मुकाट परक्याच्या बापाला आंघोळ घालायला गेला.

घरी नवा माणूस आला. अप्पांनी दात आवळून घेतले आणि दोन दिवस त्याच्या हातचा घास घेतला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी बंगल्यावर निघताना बिरुदेव काकुळतीला आला.

"अप्पा, माझी तक्रार करा. मॅडम मला परत हितं टाकतील."

"एकदा चांगला म्हटलो. आता जीभ फिरवू व्हय?"

"हिकडं आन तो फोन," तानाबाई म्हणाली. बिरुदेवने नंबर लावून, स्पीकर चालू करून फोन तिच्या हातात दिला. "मॅडम, बिरुदेवचं आमच्या मालकांनी तुमाला खोटं सांगितलं."

"काय तक्रार आहे, मावशी?"

"लिवून घेताय का? मोठी वही घ्या. तोंड धुतल्याबिगर चा पितो. भाजीत मीठ घालायचं इसरतो, आन बोललं की दोनदा घालतो. घोरतो तर असा, की शेजारी माग चालू झालाय वाटावं."

"घोरतो? ड्यूटी तर दिवसाची आहे."

"तेच की. दिवसाच घोरतो." तानाबाई तसूभर अडखळली नाही. "आन चार पोरी दाखवल्या, एकीला हो म्हनत न्हाय."

"तुम्ही त्याला पोरी दाखवल्या?"

"एवढा जीव लावला, बाई, आमी."

सतरा मिनिटं हे चाललं. बिरुदेव निळ्या शर्टात दारात उभा होता. तो आधी लाल झाला, मग पांढरा पडला.

"असला माणूस शेठच्या घरी तासभरसुद्धा ठेवता येणार नाही," मॅडम म्हणाल्या. "काढूनच टाकते."

बिरुदेवने आईचा पदर ओढला.

"काढू नका. गरिबाच्या पोटावर पाय नको. आमच्याकडंच पाठवा, आमी घिऊ सांभाळून. पर असल्या मानसाचं तुमचं कमिशन तेवढं अर्धं करा."

पलीकडे वही मिटल्याचा आवाज आला. "करते. देवमाणसं आहात, मावशी."

फोन बंद झाला. अप्पांनी दोन दिवसांनी घासासाठी तोंड उघडलं आणि तसंच उघडं ठेवलं. बिरुदेवने भाकरी कुस्करायला घेतली.

"आई, एवढं सगळं खरं हाय व्हय?"

"मॅडमनं घाई केली," तानाबाई म्हणाली. "तुझं शाळंतलं सांगायचं तर राहिलंच."