टँकर मागे घेताना वाजणारे गाणे

प्रत्येक सुसंस्कृत समाजाचा एक स्वर असतो, आणि तो कानी पडताच त्या समाजातील माणसे हातातले काम टाकून उठतात. कोठे ती देवळातील घंटा असते, कोठे गिरणीचा भोंगा. आमच्या ‘निर्झर लेक व्ह्यू’ या गृहसंकुलात हे स्थान पाण्याच्या टँकरच्या रिव्हर्स हॉर्नला आहे, आणि त्याबद्दल कोणीही संकोच बाळगण्याचे कारण नाही.

संकुल बीड बायपासच्या पलीकडे आहे. शहर या दिशेने इतक्या वेगाने वाढले की पाण्याच्या पाइपलाइनला त्याच्यामागे धावणे जमले नाही. (ती अद्याप वाटेत असून तिची प्रकृती उत्तम असल्याचे समजते.) माहितीपत्रकात दाखवलेला तलाव माहितीपत्रकात आजही तुडुंब आहे. पोहण्याचा तलाव मात्र प्रत्यक्ष बांधलेला असून त्यात मुले क्रिकेट खेळतात. निळ्या फरशीवर चेंडू चांगला उसळतो. सलग दुसऱ्या वर्षी पावसाने पाठ फिरवल्यावर बिडकीनकडच्या एका विहिरीवरून टँकरचालक रामकिसन पाणी आणू लागले. टँकर फाटकातून उलटा आत घ्यावा लागतो. मागचा गिअर पडला की हॉर्न वाजतो : एका जुन्या, संथ इंग्रजी प्रेमगीताची सुरुवात. तेवढीच एक ओळ, पुन्हा पुन्हा. हॉर्न थांबला की वॉचमन सांडू टँकरला पाइप जोडून मोटार सुरू करतो आणि नळांना थोडा वेळ पाणी येते. ज्याची तोटी आधी उघडते त्याला धार मिळते; ज्याची उशिरा, त्याला नळाचा सुस्कारा.

गीत मुळात कशाविषयी आहे, असे संकुलाच्या समितीने एकदा रहिवाशांना विचारले होते. एक अपवाद वगळता सर्वांनी ‘पाण्याविषयी’ असे उत्तर दिले.

हा अपवाद म्हणजे आमचे सचिव अनंतराव यांच्या पत्नी भानुमतीबाई. त्या नुकत्याच बँकेतून निवृत्त झाल्या होत्या. कॉलेजात असताना गुलमंडीतल्या एका मैत्रिणीच्या माडीवर त्यांनी हे गाणे कॅसेटवर ऐकले होते, पूर्ण, आणि गिटार शिकण्याची परवानगी मागितली होती. वडील म्हणाले, लग्नानंतर. सासूबाई म्हणाल्या, मुले मोठी झाल्यावर. अनंतराव म्हणाले, निवृत्तीनंतर. कोणीही नकार दिला नाही, ही गोष्ट आपल्या कुटुंबसंस्थेच्या सहिष्णुतेची साक्ष म्हणून नोंदवली पाहिजे.

मुदत संपल्यावर त्या थेट आकाशच्या गिटारवर्गात गेल्या. झेरॉक्सच्या दुकानावर एक खोली, भिंतीला सहा गिटारी आणि शिकवायला तेच एक गाणे, अशी या वर्गाची रचना आहे. (शहरातील सर्व गिटारवर्गांत पहिले गाणे हेच असते; दुसरे शिकवण्याची वेळ क्वचितच येते, कारण मध्ये एका बोटाने सर्व तारा दाबायला लावणारी एफ नावाची कॉर्ड लागते आणि तेथे बहुतेकांना अभ्यास, परीक्षा किंवा लग्न आठवते.) आकाशने बाईंचा तळहात पाहिला.

“काकू, तुम्हाला तर आधीच घट्टे पडलेत!”

“बादलीचे आहेत रे.”

“मग जागा चुकली. घट्टे वर पाहिजेत, बोटांच्या टोकाला. टेन्शन नका घेऊ, होऊन जाईल.”

उन्हाळा चढत गेला तसे घट्टे टोकांकडे सरकले. गाण्याची सुरुवात बाईंना स्वच्छ येऊ लागली. अनर्थ येथूनच घडला.

एका सकाळी बाईंनी गॅलरीत बसून ती ओळ वाजवली, नीट जमली म्हणून आणखी एकदा वाजवली. संकुलाच्या पाचही इमारतींत दारे आपटली. दाढीचा साबण, कणकेचे हात, पूजेचे सोवळे, जो ज्या अवस्थेत होता त्या अवस्थेत मोरीकडे धावला. सर्व तोट्या उघडल्या गेल्या. पाणी आले नाही. ते न येण्याची आम्हांला सवय असल्यामुळे माणसे नशिबाला बोल लावून, तोट्या तशाच ठेवून कामावर गेली. दुपारी खरा टँकर आला, खरा हॉर्न वाजला, सांडूने नियमाप्रमाणे मोटार लावली, आणि बंद घरांतल्या उघड्या नळांतून अख्खा टँकर गटारात गेला. त्या दिवशी संकुलामागचा ओढा वाहिला. काही ज्येष्ठ नागरिक तो पाहायला गेले आणि फोटो काढून आले.

समितीची तातडीची सभा झाली. हॉर्न बदलावा, अशी पहिली सूचना आली. रामकिसन यांना बोलावण्यात आले.

“बदलतो की,” ते म्हणाले. “पण सुरवातीला साधा पी-पी हॉर्न व्हता. एक बी माणूस हलला नाय. तुम्ही म्हनले, आम्हाला वाटलं कचऱ्याची गाडी आली. मंग मीच दुकानातून लई हुडकून ह्यो आणला. आता परत बदलू?”

सभेने एकमताने ठरवले की हॉर्न ही अत्यावश्यक सेवा असून गिटार नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर कळवण्याचा पर्याय फेटाळण्यात आला, कारण सुप्रभाताच्या फुलांमुळे गटाचा आवाज सर्वांनी बंद करून ठेवला आहे. सांडूने ओरडावे, ही सूचनाही टिकली नाही. तो ओरडला की आपली गाडी चुकीच्या जागी लागली आहे असे समजून प्रत्येकजण घरात दडून बसतो. अखेर दोन नियम झाले. पहिला : धून पूर्ण झाल्याखेरीज मोटार सुरू होणार नाही, आणि त्याआधी तोटी उघडणाऱ्याचे कनेक्शन महिनाभर बंद राहील. दुसरा : सदर गीत संकुलात अन्य कोणत्याही वाद्यावर वाजवता येणार नाही.

“कधीपर्यंत?” भानुमतीबाईंनी विचारले.

“पाऊस पडेपर्यंत,” अनंतराव म्हणाले, आणि बाईंनी त्यांच्याकडे असे पाहिले की त्यांनी इतिवृत्तात डोके खुपसले. नोटीस त्यांनीच टंकित केली, स्वतःच्याच दारात लावली आणि रहिवासी या नात्याने पोचही स्वतःच दिली. इतक्या निःपक्षपाती कारभाराचे उदाहरण आमच्या माहितीत दुसरे नाही.

“दुसरं एखादं गाणं शीक की,” घरात गेल्यावर ते म्हणाले.

“तुम्ही दुसरं एखादं पाणी प्या,” बाई म्हणाल्या.

त्यानंतर त्या आकाशच्या खोलीत जाऊनच सराव करू लागल्या. एफ कॉर्ड जमली. गाणे शेवटपर्यंत आले. ऐकायला मात्र आकाशखेरीज कोणी नव्हते, आणि तो दिवसभर तेच गाणे ऐकत असल्यामुळे त्याला श्रोता म्हणता येत नाही. बाईंची मागणी फार नव्हती. आपल्या माणसांनी आपले गाणे एकदा शेवटपर्यंत ऐकावे, एवढेच त्यांना हवे होते.

मे महिन्यात हॉर्नची वायर जळाली. टँकर मुकाट्याने उलटा आत आला आणि मुकाट्याने उभा राहिला. धून नाही, म्हणजे मोटार नाही.

“मोटार लाव ना बाबा!” अनंतराव सांडूला म्हणाले.

“सायेब, रूलवर तुमचीच सही हाय.”

नवा हॉर्न बसवण्यास तीन दरपत्रके मागवावी लागतात. बिडकीनला दुसऱ्या खेपेचा नंबर लागलेला होता. टँकर थांबवून ठेवता येईना. तेव्हा संपूर्ण समिती जिना चढून भानुमतीबाईंच्या दारात, त्या नोटिशीखाली, उभी राहिली.

“वहिनी, जरा वाजवता का?” अध्यक्ष म्हणाले. “सार्वजनिक हिताचं आहे.”

“वाजवते. पण पूर्ण वाजवणार. आणि तुम्ही ऐकायचं.”

“अहो, हा काय प्रश्न झाला!”

बाई खाली आल्या, टँकरशेजारी खुर्चीवर बसल्या आणि सुरुवातीची ओळ वाजवली. टाळ्यांचा कडकडाट व्हावा तसा दारांचा कडकडाट झाला. ओळ संपेपर्यंत पार्किंगमध्ये कोणीही उरले नव्हते. समिती सर्वांच्या पुढे होती, अनंतराव समितीच्या पुढे. सांडूने मोटार लावली. बाई थांबल्या नाहीत. पहिले कडवे, दुसरे कडवे, एफ कॉर्ड, शेवटची तार. वरून भांडी भरल्याचा आवाज येत होता. खाली रिकाम्या टँकरच्या पाइपवर हात ठेवून रामकिसन एकटे उभे होते.

“बाई,” ते म्हणाले, “ह्याच्या फुडं बी गाणं हाय व्हय? मला वाटायचं येवढंच असतंय.”

“मलाही कोणी पुढं जाऊ दिलं नव्हतं,” बाई म्हणाल्या. आणि खुर्ची उचलताना त्यांना काहीतरी सुचले असावे, कारण त्या हसत वर गेल्या.

पुढच्या खेपेला दरपत्रके आलेली नव्हती. समिती पुन्हा जिना चढली. बाई लगेच तयार झाल्या. या वेळी मात्र त्यांनी गाणे पहिल्या कडव्यापासून धरले, आणि सुरुवातीची ओळ शेवटासाठी राखून ठेवली.

असा श्रोतृवर्ग या शहरातील कोणत्याही सभागृहाने पाहिला नसेल. पाचही इमारतींच्या जिन्यांवर माणसे श्वास रोखून उभी होती. कोणी खोकले नाही. मोबाइल वाजला नाही. एका बाळाला रडू आले तेव्हा दहा जणांनी त्याला गप्प केले. न जाणो, ओळ निसटायची. तोटी आधी उघडावी तर कनेक्शन जाते, घरात जाऊन बसावे तर खाली पार्किंगमधली गिटार ऐकू येत नाही. त्यामुळे सर्वांनी सर्व ऐकले. दुसऱ्या कडव्यापाशी अनंतराव बादली खाली ठेवून तिच्या काठावर बसले. एफ कॉर्ड आली तेव्हा त्यांनी पत्नीच्या बोटांकडे पाहिले. इतक्या वर्षांत त्यांनी ती बोटे हिशेब करताना पाहिली होती, काम करताना पाहिली होती.

मग ती ओळ आली, आणि क्षणार्धात जिने रिकामे झाले. अनंतरावांना उठायला किंचित उशीर झाला. त्या दिवशी त्यांच्या घरी पाणी कमी भरले गेले. बाईंनी तेवढ्यात भागवले.

कार्यक्रमानंतर समितीने अभिप्राय मागवले. ‘लांब आहे’ असे बहुसंख्यांनी लिहिले. ‘सुरुवात सुरुवातीला घ्यावी’ ही सूचना विचाराधीन आहे. दरपत्रकेही विचाराधीन आहेत. सचिवांनी ती कपाटात कोठे ठेवली आहेत हे त्यांना आठवत नाही.

सुजाण वाचक येथवर आमच्या रहिवाशांना हसले असतील, आणि आपण असतो तर पहिल्याच दिवशी गाणे शेवटपर्यंत ऐकले असते असे त्यांना वाटले असेल. त्यांच्या रसिकतेविषयी आम्हांला शंका नाही. आपण या ओळीपर्यंत आलात, यावरून आज आपला पाण्याचा वार नाही एवढे नक्की समजते. तसे नसेल, आणि आत्ता कोठे काही वाजल्यासारखे वाटले असेल, तर आपण खुशाल उठावे. शेवटचे वाक्य आम्ही रामकिसन यांना वाचून दाखवू.