चिंचेखालचा गिअर

आमच्या मेहकरात बापूसाहेब माणसाची पारख त्याच्या गिअर बदलण्यावरून करीत. कूळ, शिक्षण, जमीनजुमला हे सगळं नंतर. रस्त्याने खामगावची उतारूंची सर्व्हिस मोटार निघाली की ते बोलता बोलता थांबत, मान तिरकी करीत, आणि तिचा गिअर करकरला की ओसरीवरून ओरडत, "अबे, दात पाडून राह्यला काऊन तिचे!" ड्रायव्हरला ते ऐकू जाणं शक्य नसे. मोटार तोवर बाजारात पोचलेली असे. पण बापूसाहेबांचं कर्तव्य झालेलं असे.

मी त्यांचा शेजारी. नुकती वकिलीची सनद घेऊन बसलो होतो आणि अशिलांअभावी मला वेळ भरपूर होता. आमच्या दोन घरांत कंबरभर उंचीची भिंत, त्यामुळे त्यांची मतं ऐकायला मला त्यांच्या घरी जावं लागत नसे. न ऐकण्याचीही सोय नव्हती.

त्यांच्या जुन्या, उघड्या गाडीचा गिअर बदलणं सोपं नव्हतं, हे मान्य करतो. क्लच दाबा, गिअर मोकळा करा, क्लच सोडा, इंजिन जरा गुरगुरू द्या, पुन्हा क्लच दाबा आणि मग दांडा सरकवा. क्षणभर मागेपुढे झालं की आतले दात एकमेकांवर घासून अशी किंकाळी उठे की शेजारच्या बैलगाडीचे बैल शेतात शिरत. बापूसाहेब हे सगळं पान चघळत, मागे वळून माझ्याशी गप्पा मारत करीत. "मोटार पायानं नाई चालत वकील, कानानं चालते. आयकू येते काय?" त्यांचा गाडीचा प्रत्येक धडा या 'आयकू येते काय' वर संपे. मला ऐकू येत नसे, पण मी हो म्हणे.

एकदा तहसीलदारांनी त्यांना आपल्या मोटारीत घेतलं. अर्ध्या वाटेत ड्रायव्हरकडून दोनदा खरखर झाली. बापूसाहेबांनी गाडी थांबवायला लावली, तहसीलदारांना अदबीने नमस्कार केला आणि भर उन्हात दोन कोस चालत घरी आले. तहसीलदार पुढे बरेच दिवस त्यांच्याकडे संशयाने पाहत. माणूस सरकारविरोधी असावा, असं त्यांना वाटलं.

मुलीच्या लग्नात तर कहर झाला. अमरावतीहून स्थळ आलं. मुलगा पदवीधर, नाकीडोळी नीटस, घरी मोटार. बापूसाहेबांनी पोहे आटोपताच त्याला आपल्या गाडीवर बसवलं आणि म्हणाले, "एक चक्कर मारून दाखवा." बिचाऱ्याने दुसऱ्या गिअरला आमची आळी हादरवली. स्थळ मोडलं. "जो माह्या गाडीचे हाल करते, तो माह्या पोरीचे काय करीन?" असा त्यांचा सवाल होता. शेवटी मुलगी धाड गावच्या एका शेतकऱ्याच्या घरी दिली. जावयाला मोटार चालवता येत नव्हती, हा त्याचा सगळ्यात मोठा गुण ठरला.

आता गंमत ऐका. या थोर उस्तादाच्या हातून रोज एका ठिकाणी गिअर चुके, आणि तेही घरासमोर. आमची आळी चढावर आहे. चढावर चिंचेचं झाड, झाडाशी वळण, वळणावर दुसरा गिअर. तिथे रोज संध्याकाळी बापूसाहेबांच्या गाडीची अशी काही किंकाळी उठे की चिंचेवरचे कावळे उडत. सगळी आळी तोंडावर हात ठेवून हसे. मी तर भिंतीपाशी उभा राहून वाटच पाहत असे. "काय बापूसाहेब, आज पुन्हा दात पडले?" असं विचारलं की ते माझ्याकडे न बघता म्हणत, "वयन खराब हाये तं."

वळण खराब नव्हतं. मी तिथून सायकलने रोज जात होतो.

मग ते ओसरीच्या पायऱ्या चढत आणि आत चहा तयार असे. हा मात्र मला हेवा वाटण्याजोगा प्रकार होता. आमच्या घरी दहा हाका मारल्याशिवाय पाणीसुद्धा मिळत नसे. यांच्याकडे काकूंना, म्हणजे बापूसाहेबांच्या पत्नीला, डोळ्यांनी दिसेनासं झालं होतं, आतल्या दाराशी पाटावर बसून त्या स्वयंपाकीणबाईंना सगळं सांगत, तरी चहा कधी उशिरा आला नाही.

पुढे जुन्या गाडीचे भाग मिळेनासे झाले. लेक आणि जावई मागे लागले, आता नवी घ्या. अकोल्याहून एक एजंट नवी, बंद टपाची गाडी घेऊन दारात आला. पायात चकचकीत बूट, तोंडात साखर. "साहेब, हिला डबल क्लचची भानगड नाही. दोन बोटांनी गिअर पडतो. बायामाणसांनासुद्धा जमेल."

बापूसाहेबांचा चेहरा पडला. "म्हंजे मी जल्मभर शिकलो ते काय मातीत गेलं?"

मी मनातून खूश झालो, हे कबूल करतो. उस्तादाची उस्तादी एका दिवसात संपताना बघायला मी मागच्या सीटवर चढून बसलो.

लोणारच्या रस्त्याने आम्ही गेलो. पहिल्या मैलात बापूसाहेब जुन्या सवयीने दोनदोनदा क्लच दाबत होते. दुसऱ्या मैलात एकदाच दाबू लागले. तिसऱ्यात त्यांनी पान तोंडात टाकलं. "लोणी हाये लेकाची," ते हळूच म्हणाले. परत फिरलो तेव्हा त्यांनी एजंटला सांगूनही टाकलं, "ठेवून जा. पसंत हाये."

चिंचेचं वळण आलं. बापूसाहेबांनी मुद्दाम दांडा खस्सकन ओढला. गिअर गुपचूप पडला. त्यांनी गाडी थांबवली, उतारावर मागे घेतली, पुन्हा वर आणली, पुन्हा ओढला. काही नाही. तिसऱ्यांदा तर त्यांनी असा हिसका दिला की माझी टोपी पडली. गाडी हूं की चूं करीना.

"बघा साहेब!" एजंट फुशारून म्हणाला, "ओरडतच नाही!"

बापूसाहेबांनी गाडी घरासमोर उभी केली.

आम्ही तिघं ओसरीच्या पायऱ्या चढलो. घरात बायाबापड्या असतात, म्हणून आमच्याकडे पुरुषमाणूस दाराशी खाकरून आत जातो. बापूसाहेबांना मी कधी खाकरताना पाहिलं नव्हतं. आज ते दाराशी थांबले आणि अवघडल्यासारखे खाकरले.

आत काकू पाटावर बसल्या होत्या. पुरुषांच्या पावलांचा आवाज ऐकून त्यांनी लगबगीने पदर कपाळावर ओढला, तोंड भिंतीकडे वळवलं आणि म्हणाल्या, "कोन हाये? ते घरी नाईत. आता येतीनच, बसा बाहीर."

बापूसाहेब उंबऱ्यावर तसेच उभे राहिले. उभ्या संसारात बाई पहिल्यांदा त्यांच्यापासून तोंड लपवत होती. मला कुठे पाहावं कळेना. माझ्या इतक्या दिवसांच्या हसण्याची मला त्या क्षणी लाज वाटली.

"मीच हाये वं," ते कसेबसे म्हणाले.

"अगो बाई!" काकू गडबडल्या. "गाडी नाई आयकू आली तं मले काय समजन? चहाबी नाई ठेवला."

बापूसाहेब बाहेर आले आणि एजंटला म्हणाले, "घेऊन जा वापस." तो पुष्कळ बोलला, एकदा तर रडकुंडीला आला. बापूसाहेबांनी त्याला फाटकापर्यंत पोचवलं.

तो गेल्यावर मी भीतभीत म्हणालो, "बापूसाहेब, वळणावर भोंगा वाजवला तर?"

"भोंगा तं कोनीबी वाजवते, वकील," ते म्हणाले. "तिले काय समजन, कोन आलं ते?"

जुनी गाडी त्यांनी कुठून कुठून भाग आणून पुन्हा उभी केली. पहिल्या संध्याकाळी ती चिंचेखाली किंचाळली, कावळे उडाले आणि आळी नेहमीसारखी हसली. मीही सवयीने भिंतीपाशी आलो होतो.

पलीकडून काकूंचा आवाज आला, "आले वं ते. चहा ठेव."