मानाची लिंक

समाधानरावांनी ठरवलं, की यंदा बायकोची गुलाबाची कलमं आपण इंटरनेटवर विकून दाखवायची. असं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. (त्यांच्या आयुष्यातले सगळे घोटाळे असेच, कोणी न सांगता झालेले आहेत.)

मखमलाबादला घरामागच्या तुकड्यात शुभांगीने हजारभर कलमं केली होती. बांधली तिने, पाणी घातलं तिने, वेबसाइटला नाव मात्र पडलं 'समाधान रोझ नर्सरी'. कारण वेबसाइट काढायला समाधानराव गेले होते! फेब्रुवारी सरत आला होता. ऊन तापलं की पिशव्यांमधली कलमं माना टाकणार आणि शुभांगीची वर्षाची मेहनत मातीत जाणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. आणि वेबसाइटवर तर चिटपाखरू फिरकत नव्हतं.

"लिंक एक्स्चेंज करा, भाऊ," द्वारका चौकातल्या सायबर कॅफेचा भिकन म्हणाला. "तुम्ही त्यांचं नाव तुमच्या साइटवर टाकायचं, त्यांनी तुमचं त्यांच्या. गूगलला वाटतं, या माणसाचा गोतावळा मोठा आहे."

गोतावळा म्हटल्यावर समाधानरावांना नातेवाईकच आठवणार. लासलगावला आक्काच्या यजमानांची, म्हणजे दाजींची, ट्रॅव्हल्स होती. चांदवडला मामेसासरे कोंडाजीमामा कांद्याचे व्यापारी होते. दोघांच्याही वेबसाइट होत्या. समाधानरावांनी दाजींची लिंक वर टाकली, मामांची खाली, आणि समाधानाने झोपले.

सकाळी चांदवडहून फोन. "जावईबापू, दाजी वर अन् आमी खाली? लग्नाच्या पत्रिकेत बी तुमी हेच केलं व्हतं. तवा पोरीकडं पाहून गप बसलो."

समाधानरावांनी तडक कॅफे गाठला. मामा ताबडतोब वर गेले. संध्याकाळी लासलगावहून आक्का, रडवेल्या आवाजात: "माहेरी आमचा मान संपला म्हण की, समाधान!" मग दाजी मामांच्या शेजारी जाऊन बसले. मामांना शेजार चालला, पण अक्षरं ठळक पाहिजेत, फोटो फेट्यातला पाहिजे आणि मोबाइल नंबरही पाहिजे. दाजींना मग नावामागे 'श्रीमान' हवं झालं. शेवटी कोणीच कोणाच्या वर नको, म्हणून समाधानरावांनी सगळ्यांच्या डोक्यावर कुलदैवताचं नाव घातलं. (फोन न करणारं घरात तेवढंच एक होतं.)

भिकन मूळचा मालेगावकडचा. थक्क झाला की अहिराणीवर यायचा. स्क्रीनकडे पाहून म्हणाला, "भाऊ, हाई वेबसाइट शे का लगननी पत्रिका?"

या मानपानात 'समाधान रोझ नर्सरी' तळाशी गेली, पत्रिकेत छापखान्याचं नाव असतं तेवढ्या अक्षरांत. आणि ऊन तापायला लागलं. शुभांगी काही बोलायची नाही, नुसती रोज दोन वेळा पाणी घालायची. तिने बोलून घेतलं असतं तर समाधानरावांना बरं वाटलं असतं.

आणि एका सकाळी दारात ट्रक उभा. वरून कोंडाजीमामा उतरले.

"शुभे, कलमं हायेत ना? समदी भर. मुंबईच्या हाटेलवाल्याचा फोन आला. तुमच्या त्या पानावर वरचाच नंबर दिसला त्याला. म्हनला, गुलाब देता का? मी म्हनलं, देतो की!"

"मामा, भाव मात्र मी सांगेन तो," शुभांगी म्हणाली. मामांनी भाचीच्या तोंडाकडे पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा घासाघीस न करता मान डोलावली. शुभांगीने पदराने डोळे पुसले. तिला खरंच आनंद झाला होता.

पिशव्या ट्रकमध्ये चढवायचं काम अर्थात समाधानरावांकडे आलं. घामाघूम झाले तरी छाती फुगलेली होती. "शेवटी वेबसाइटवरूनच खपली की नाही?" असं ते शुभांगीला, ड्रायव्हरला आणि कुंपणावरच्या मांजरालाही विचारून आले.

ट्रक सुरू झाला तेव्हा त्यांनी धीर करून मामांच्या खिडकीशी तोंड नेलं.

"मामा, एक्स्चेंजचं तेवढं राहिलं. तुमच्या साइटवर आमची लिंक काही दिसली नाही."

"तुमची व्हय?" मामा जरा अवघडले. "राग मानू नका, जावईबापू, पन तिथं आमी निस्ते धंदा करनारेच घेतो."

आणि ड्रायव्हरला निघायची खूण करत म्हणाले, "शुभीचं नाव टाकलंय कवाच. पार वर!"