स्वीपसाठी एक ससा

मर्डो गॅलब्रेथच्या कुंपणाच्या आत एकही ससा नाही, हे केअर्नहिल खोऱ्यातल्या शाळकरी पोरांनासुद्धा पाठ होतं, कारण मर्डो ते स्वतःच सगळ्यांना सांगत फिरायचा. तो ससा निर्मूलन मंडळाचा चेअरमन. त्या काळी ओटागोच्या डोंगरांत सशांनी मेंढ्यांच्या तोंडचं गवत पळवलं होतं. खोऱ्यात ससा विकायचा नाही, विकत घ्यायचा नाही आणि पाळायचा तर नाहीच, हे नियम मर्डोने हट्टाने पाळायला लावले होते. 'ससामुक्त जमीन' असं प्रमाणपत्र त्याच्या जेवणघराच्या भिंतीवर चौकटीत लटकत होतं. मंडळाची सभा तिथेच भरायची, म्हणजे सभासदांना प्रमाणपत्र दिसायचं आणि त्याची बायको नेटा हिच्या हातचा कोंबडीचा स्ट्यूही खायला मिळायचा.

"माझ्या जमिनीवर एक ससा दाखवा," मर्डो पावाने ताटली पुसत म्हणायचा, "त्याच दिवशी ही खुर्ची सोडतो."

त्या हिवाळ्यात नेटा मुलीच्या बाळंतपणासाठी डनेडिनला गेली आणि घरी उरले दोन म्हातारे, मर्डो आणि स्वीप. स्वीपने जन्मभर मेंढ्या वळल्या. आता त्याचे सांधे धरले होते आणि तो स्वयंपाकघरात चुलीजवळ झोपायचा. आमच्याकडे कुत्र्याला घरात घेणं म्हणजे हसं करून घेणं. पण एका बर्फाच्या वादळात वाट चुकलेल्या मर्डोला याच कुत्र्याने घरी आणलं होतं. ही गोष्ट मात्र मर्डो कुणाला सांगत नसे.

नेटा गेली आणि स्वीपने खाणंच सोडलं. मर्डोने त्याला मटणाचे चॉप दिले, दुधात पाव कुस्करून दिला, स्वतःच्या ताटातलं बेकन दिलं. स्वीप प्रत्येक गोष्ट हुंगायचा आणि तोंड फिरवून झोपायचा. त्याच्या बरगड्या धुण्याच्या फळीसारख्या दिसायला लागल्या, तेव्हा मर्डोने डनेडिनला फोन लावला.

खोऱ्यात टेलिफोनची तार सगळ्या घरांत मिळून एकच होती. एकाने बोलायचं आणि बाकीच्यांनी श्वास रोखून ऐकायचं.

"नेटा, हा जेवत नाही गं. तू काय घालतेस याला?"

नेटा आवाज खाली आणून म्हणाली, "धुण्याच्या खोलीमागे बघ."

"काय बघू?"

"बघितलंस की कळेल. मर्डो, तारेवर माणसं आहेत."

"आम्ही नाही ऐकत," तारेवरून कुणीतरी म्हणालं.

मर्डोने भर दुपारी जाऊन बघितलं. फुटकी बादली होती, खाजकुयली माजली होती आणि खिळ्याला तारेचं एक वेटोळं अडकवलेलं होतं. तार बरी दिसली म्हणून त्याने ती नेऊन फाटकाला बांधली.

संध्याकाळी शेजारचा टॅम रेनी आला. "मी काही ऐकत नव्हतो हं," तो म्हणाला, "पण म्हाताऱ्या कुत्र्याला मटण जड जातं. सशाचं मांस कसं, हलकं. मी घालायचो आमच्या कुत्रीला. तुझे नियम यायच्या आधी."

"माझ्याकडे ससे नाहीत."

"ठाऊक आहे. आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे."

टॅमच्या डोंगरावर मात्र होते. त्यावरून मर्डोने त्याला भर सभेत झापलंही होतं. आता त्याच डोंगरावर चोरून जायचं मर्डोच्या जिवावर आलं. पण स्वीपने पाणीही अर्धंच प्यायलं, तशी त्याने बंदूक आणि विजेरी उचलली आणि अंधार पडल्यावर टॅमचं कुंपण ओलांडलं.

वर झुडपाशी विजेरीच्या उजेडात दोन लाल डोळे चमकले. हलेनात, मिटेनात. डोळ्यांमधलं अंतर बघता ससा चांगलाच पोसलेला होता. मर्डोने नेम धरला आणि बार काढला. ससा काचेसारखा खळकन फुटला.

"चेअरमनसाहेब," अंधारातून आवाज आला, "जीप मंडळाची आहे."

क्लॅरी बॉइल होता, ससे मारायला मंडळानेच ठेवलेला माणूस. कडेच्या खडकावर बसून चहा पीत होता म्हणून वाचला.

"मी तपासणी करत होतो," मर्डो म्हणाला.

"टॅमच्या डोंगराची? बंदुकीने?"

मर्डोने बंदूक खाली केली. शेवटी त्याच्या तोंडून निघालं, "स्वीप उपाशी आहे रे."

क्लॅरीने मर्डोला जीपमध्ये घातलं आणि घरी आणलं. अंगणात वळताना जीपच्या मोठ्या दिव्याचा झोत धुण्याच्या खोलीमागून फिरला. गवतात डोळेच डोळे. प्रार्थना संपल्यावर चर्चबाहेर गप्पा मारत बसावं तसे ससे ऐसपैस बसले होते.

क्लॅरीने इंजिन बंद केलं.

"टॅमकडचे असतील," मर्डो म्हणाला.

"हो ना. बसायला आलेत." क्लॅरीने आपली बंदूक काढली. "एक घेऊ, स्वीपसाठी?"

मर्डोने मान डोलावली, पण वर बघितलं नाही. त्या रात्री स्वीपने भांडं चाटून लख्ख केलं. मर्डो त्याच्या डोक्यावर हात ठेवून चुलीपाशी बसून राहिला. दारातून दिसणाऱ्या जेवणघरातल्या चौकटीकडे बघवेना.

नेटा परत आली ती आधी मागच्या अंगणात गेली. "खिळ्यावरचा माझा फास कुठाय?"

मर्डोने फाटकाकडे बघितलं. "नेटा, कधीपासून चाललंय हे?"

"रानातल्या फेरेटने खुराड्यात शिरून कोंबड्या फस्त केल्या तेव्हापासून. मांस स्ट्यूला आणि काळीज, डोकं स्वीपला."

"म्हणजे सभेचा स्ट्यू..."

"खुराड्यात कधी डोकावलास तू?"

"मला सांगायचं नाही का?"

"तू दर वेळी खुर्ची सोडायला निघायचास," नेटा म्हणाली. "म्हटलं, बसू दे."

पुढच्या सभेला मर्डो राजीनामा द्यायचं ठरवूनच बसला. क्लॅरीही आला होता, जीपचे मागचे दिवे मंजूर करून घ्यायला. ताटल्या भरल्या. मर्डो उभा राहिला आणि त्याने घसा खाकरला. तेवढ्यात टॅम रेनीने आणखी स्ट्यूसाठी ताटली पुढे केली आणि क्लॅरीने चमचा चाटला.

"कोंबडी झकास आहे, चेअरमनसाहेब. घरची का?"

मर्डोचे कान तापले. त्याने प्रमाणपत्राकडे बघितलं, नेटाकडे बघितलं. टेबलाखाली स्वीप हाड फोडत होता.

"घरचीच," असं म्हणून तो खाली बसला. खुर्चीतच.