कारभारींची हाळी

"गाईड घ्यायचा नाय," असं कारभारींनी दौलताबाद किल्ल्याच्या पायथ्याशी जाहीर केलं, तेव्हा सूनबाई अंबिकानं नवऱ्याकडं पाहिलं आणि नवऱ्यानं, म्हणजे रामनं, आभाळाकडं.

वाळूजच्या कारखान्यात तीस वर्षं नटबोल्ट आवळून निवृत्त झालेले कारभारी डोंगर दिसला की धनगर व्हायचे. "ह्या डोंगरात मी दोनशे शेरडं राखली," ते नात अक्षदाला सांगत होते. "एक हाळी दिली की दोनशेच्या दोनशे पुढ्यात हजर. वरच्या अंधारीत, त्या काळोख्या भुयारात चुकलीस तर भ्यायचं नाय. माझी हाळी ऐकायची अन् आवाजाकडं यायचं."

हा आकडा मागच्या दिवाळीत दीडशे होता. यंदाच्या दुष्काळात अख्ख्या जिल्ह्यात फक्त कारभारींचाच कळप वाढत होता.

त्यांच्या पत्नी सखूबाई भाकरीचं गाठोडं घेऊन गुमान मागून येत होत्या. खंदकावरच्या पुलापाशी मात्र त्यांचे गुडघे बोलले. "तुम्ही व्हा म्होरं," म्हणून त्या अलीकडंच दगडावर टेकल्या.

कारभारी पूल ओलांडून तरातरा पायऱ्या चढले आणि वळून बघतात तर राम फोटो काढतोय, अंबिका खंदकात डोकावतेय, अक्षदा बुटाची नाडी बांधतेय. आपल्या फौजेची ही पांगापांग त्यांना बघवेना. तोंडाशी हात धरून त्यांनी हाळी दिली, "ह्युर्रऽऽ या, या, याऽऽ"

राम हलला नाही. अंबिकाही नाही. पण तटाच्या पडक्या भागातून एक तांबडी शेळी आत आली. मग दुसरी. मग बरगड्या वर आलेल्या चाळीस शेळ्या पुलावर शिरल्या आणि पूल दिसेनासा झाला.

"आजोबा, खरंच आल्या की," अक्षदा नाचायला लागली. "आता परत पाठवा."

कारभारींनी परत पाठवायला पुन्हा हाळी दिली. शेळ्या आणखी जवळ आल्या. ते चार पायऱ्या वर चढले, शेळ्याही चढल्या. एकीनं त्यांच्या शर्टाची बाही चघळायला घेतली. तेवढ्यात खंदकाच्या तळातल्या हिरव्या पाण्याचा वास लागला आणि तहानलेली तांबडी पुलाच्या कठड्यावर पुढचे पाय टाकून खाली वाकली. खाली उभा कडा.

रिकामी घागर कडेवर घेऊन पायथ्याच्या वस्तीतल्या अख्तरीबी धापा टाकत आल्या. शेळ्या त्यांच्याच. पण सकाळपासून टँकरवर भांडून त्यांचा घसा पार बसलेला. "वो तांबडी गाभण है," त्या नुसत्या कुजबुजल्या. "गिरी तो मेरा घर गिरा समझो. कोन बुलाया इनकू?"

सगळ्यांनी कारभारींकडं बोट केलं.

"तो वापस भेजो ना, भाई."

"परतायची हाळी जरा इसरली," कारभारी म्हणाले.

"बुलाने कू आता, भेजने कू नै आता? कैसे बकरीवाले हो तुम?"

तांबडीचा मागचा एक पाय उचलला गेला. तेवढ्यात पुलाच्या अलीकडून हाळी उठली. तीच, "ह्युर्रऽऽ या, या, याऽऽ," पण अशी, की वर अंधारीतली वटवाघळं दिवसाढवळ्या उडाली म्हणतात. सखूबाई पदर खोचून उभ्या होत्या.

तांबडीनं मान वर केली. वळली. तिच्यामागं चाळीसच्या चाळीस वळल्या. धुरळा उठला, पूल मोकळा झाला, आणि अख्तरीबींनी तांबडीच्या गळ्यात मिठी मारली.

"आजी, तुला पण येते?" अक्षदा धावत आली.

"पण म्हंजी? कळप माझ्या बापाचा. ह्यांच्या बापानं तर मेंढरं कवाच इकली व्हती. मी भाकरीच्या वक्ताला ही हाळी द्यायचे. शेरडं सावलीला यायची, अन् शेजारच्या वावरातून हे बी यायचे, भाकर खायला. तेवढीच हाळी ठावी त्यांना."

"मग ती दोनशे शेरडं?" अक्षदानं पुलापलीकडं पाहिलं. पायऱ्यांवर कुणीच नव्हतं.

कारभारी अलीकडंच, सखूबाईंच्या गाठोड्यापाशी मांडी घालून बसले होते. हातात भाकरीचा तुकडाही होता.

तांबडीच्याही आधी पुलावरून पळत कोण आलं, हे त्या धुरळ्यात एकट्या अख्तरीबींनी पाहिलं होतं. आणि त्यांचा आवाज बसलेला होता.