भावना सव्वादहाच्या आत

माणसाला भावना असतात, ही गोष्ट आता वरच्या कार्यालयाच्याही लक्षात आली आहे. म्हणून बालवर्गाच्या बाईंना पत्र आलं: प्रत्येक मुलाने आपली भावना ओळखून सव्वादहाच्या आत तक्त्यावर दाखवावी. उशिरा आलेली भावना दुसऱ्या दिवशी धरली जाईल.

या कामी बाईंची निवड अगदी योग्य होती. बावीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी हजारभर मुलांना "आधी डोळे पूस" या एका वाक्यावर गप्प केलं होतं. भावनांचा एवढा अनुभव शाळेत दुसऱ्या कुणाला नव्हता. दोन तासांचं प्रशिक्षणही झालं (त्यातला दीड तास चहा आणि सह्या). भिंतीवर चार चेहरे लागले: आनंद, दुःख, राग, भीती. पाचवी भावना आढळल्यास लेखी कळवायचं होतं.

पहिल्या आठवड्याचे आकडे उत्साह वाढवणारे होते. एकतीस मुलांपैकी सव्वीस आनंदी निघाली, कारण आनंदाचा चेहरा पिवळाधमक होता. तिघांना राग आला होता, कारण गर्दीत त्यांचं बोट पिवळ्यापर्यंत पोहोचलं नव्हतं. एकीने "शू" ही भावना नोंदवली. एकजण झोपला होता. बाईंनी त्याला आनंदात धरलं. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "हे आकडे असेच राहू द्या."

रविवारी बाईंची एकुलती एक लेक नोकरीसाठी दूरच्या शहरात निघाली. बस सुटेपर्यंत बाई खिडकीशी उभ्या होत्या. बोलायचं खूप होतं. बोलल्या एवढंच, "ओला टॉवेल पलंगावर टाकत जाऊ नकोस." लेक "बरं" म्हणाली. बस गेली. घरी आल्यावर नवऱ्याने टीव्हीचा आवाज वाढवला. त्या घरात दुःख असंच व्यक्त होई.

सोमवारी एक नवी मुलगी वर्गाच्या दारात भोकाड पसरून उभी होती. तिची आई नुकतीच निघून गेली होती. बाई नियमाप्रमाणे तिच्यासमोर गुडघ्यांवर बसल्या (गुडघेदुखीला तक्त्यात जागा नव्हती).

"तुला काय वाटतंय, बाळा?"

"आई गेली."

"ती झाली घटना. भावना सांग."

मुलीने रडणं थांबवून बाईंकडे नीट पाहिलं. "तुमचं कोण गेलं?"

"माझं? कुठे काय? कुणी नाही."

"मग तुमच्या डोळ्यांतून पाणी का येतंय?"

बाईंनी धूळ, सर्दी आणि खडू या तिन्ही कारणांचा विचार केला. मग त्यांच्या तोंडून निघून गेलं, "माझी मुलगी गेली गं," आणि त्यांना हुंदकाच फुटला. सगळा वर्ग भोवती गोळा झाला. एकाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि कुणीही न शिकवता म्हणाला, "रडा बाई. आम्ही थांबतो."

त्या दिवशी सव्वादहापर्यंत एकही भावना नोंदली गेली नाही. मुख्याध्यापिकांनी लेखी खुलासा मागवला.

मधल्या सुट्टीत बाईंनी लेकीला फोन लावला. "तुझ्याशिवाय घर खायला उठतंय गं."

पलीकडून घाबरलेला आवाज आला, "आई, डॉक्टर काय म्हणाले? खरं सांग."

खरं सांगण्यात अख्खी सुट्टी गेली. दोघीही रडल्या, मग हसल्या, आणि घंटा झाली तरी कुणी फोन ठेवेना.

हे वाचून ज्यांना आपल्या कुणाची आठवण झाली असेल, त्यांनी घाईने फोन करू नये. आधी वर्तमानपत्र चाळावं, नखं कापावीत. ही ऊर्मी साधारण दहा मिनिटांत ओसरते. तुमची आजवर ओसरतच आली आहे, नाही का?